महामारीतले वैद्यकीय विद्यार्थी: नेमकं काय शिकायचं राहिलं, आणि मनाचं काय झालं?

जागरण (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात राउंडआधी केसशीट चाळत होते. एका इंटर्नने पोटाच्या तपासणीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'लिव्हर नॉट पाल्पेबल', म्हणजे यकृत हाताला लागत नाही. प्रत्यक्षात उजव्या बरगडीखाली यकृत चांगलं तीन बोटं लागत होतं. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हात ठेवला होता, पण हाताला नेमकं काय लागायला हवं तेच कळत नाही." मुलगा हुशार आहे. यकृत का वाढतं याची यादी झोपेतून उठवून विचारली तरी घडाघडा म्हणेल.

त्याची बॅच महामारीत दाखल झालेली. पहिलं वर्ष बरंचसं स्क्रीनवर. वॉर्डाची पोस्टिंग उशिरा सुरू झाली, आणि तेव्हाही एका वेळी मोजकीच मुलं, अंतर राखून, पेशंटला शक्यतो हात न लावता. मी स्वतः तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. वॉर्डात जरा रुळतेय तोवर हॉस्टेल रिकामं करायची नोटीस आली.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं. १७ मार्चला अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने सल्ला दिला की विद्यार्थ्यांना पेशंटच्या थेट संपर्कातून तूर्त बाहेर काढा. इतरही कित्येक देशांत थोड्याफार फरकाने तेच झालं. त्याच १७ मार्चच्या वटहुकुमाने इटलीने बरोबर उलटं केलं. पदवीनंतरची राज्य परीक्षाच काढून टाकली आणि सुमारे १०,००० नव्या पदवीधरांना लगेच कामाला लागायची वाट मोकळी केली. म्हणजे एकाला 'घरी जा' आणि दुसऱ्याला 'आजपासून तू डॉक्टर'. मधल्या वर्षांतली आम्ही मुलं ना इकडची ना तिकडची.

या विषयावर चर्चा पुष्कळ झाली, पण ती नेहमी 'ऑनलाइन लेक्चर चांगली की वाईट' याच वळणाला जाते. माझ्या मते लेक्चर हा प्रश्न नव्हताच. लेक्चरला मागच्या बाकावर आम्ही आधीही झोपायचोच. राहिलं ते वेगळंच. अनुभवी माणूस शेजारी उभा राहतो, आपलं मनगट धरतो आणि 'इथे नाही, जरा खाली' म्हणतो, ते राहिलं. आणि ते राहिलंय हे बोलायचीही चोरी, कारण मागाहून परीक्षा झाल्या, सगळे पास झाले, लॉगबुकावर सह्या झाल्या. कागदोपत्री काहीच बाकी नाही. मला वाटतं, शिकण्याचं नुकसान आणि मनाचा त्रास हे दोन वेगळे विषय नाहीतच. जे येत नाही ते लपवत राहावं लागतं आणि माणूस त्यानेच पोखरला जातो.

इथे डॉक्टर, विद्यार्थी, शिक्षक, पालक सगळेच आहेत. तुमचं काय राहिलं, काय नव्याने मिळालं, ती दोन वर्षं कशी गेली, मोकळेपणी लिहा. फक्त कुणाची नावं आणि कॉलेजं नकोत, ही विनंती.

कुंपणावरचा

चांगला धागा. वाचतोय.

हाडांची_पेटी

ताई, मी त्याच बॅचची. तो इंटर्न मी नाही, पण असू शकले असते :)

आमचं डिसेक्शन (शवविच्छेदन) म्हणजे व्हिडिओ. देहदान स्वीकारणंच तेव्हा कित्येक ठिकाणी बंद होतं, त्यामुळे कॉलेज उघडल्यावरही एका टेबलाभोवती गर्दी आणि मागच्यांना पुढच्यांच्या पाठी. व्हिडिओत सगळं कसं छान असतं. धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. प्रत्यक्षात पहिल्यांदा टेबलाशी उभी राहिले तेव्हा सगळं एकाच मळकट तपकिरी रंगाचं. नर्व्ह कुठली आणि फॅशियाचा (स्नायूंवरच्या पातळ आवरणाचा) दोरा कुठला, हे चिमट्याने हलकेच ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. नर्व्ह ताण सहन करते, फॅशिया तुटतो. हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं, सांगितलं ते आमच्या डिसेक्शन हॉलच्या मामांनी.

हाडांची पेटी हॉस्टेलच्या पलंगाखालीच राहिली (म्हणून हा आयडी). घरी नुसतं पुस्तक. फीमर (मांडीचं हाड) डावं की उजवं हे हातात घेतलं की दोन सेकंदांत कळतं, चित्रावरून डोकं फिरतं. ऑनलाइन व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सरांनी हाड कॅमेऱ्यासमोर धरून बाजू विचारली. मी उजवं म्हटलं, सर म्हणाले डावं. मग कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतोय की सरळ, यावरच उरलेला वेळ गेला. मार्क मिळाले. कशाचे ते माहीत नाही.

पण एक कबूल करायला हवं. एम्ब्रियॉलॉजी मला व्हिडिओमुळेच कळलं. आतडं गर्भात कसं वळतं हे फळ्यावर खडूने काढून सात जन्मांत कळलं नसतं. अ‍ॅनिमेशन मागे-पुढे करून, थांबवून बघितलं आणि एका रात्रीत डोक्यात शिरलं. त्यामुळे स्क्रीनला सरसकट नावं ठेवणार नाही.

खवचट_खडू

माफ करा, पण वेगळा सूर लावतो. लोकांना खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता, घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. त्या काळाची आठवण काढायची आणि 'आमचं यकृत चाचपायचं राहिलं' म्हणायचं, हे जरा अति होतंय. मुलांना बाहेर काढलं ते त्यांच्याच जिवासाठी ना? आत ठेवलं असतं तर 'आमच्या जिवाशी खेळ' म्हणून धागा आला असता.

आरामखुर्ची

खडूसाहेब, तुमचा शेवटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मी मेडिसिन शिकवत आलो, आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात सार्सचा (कोविडसारख्याच श्वसनाच्या साथीच्या आजाराचा) एक रुग्ण साध्या मेडिसिन वॉर्डात होता. निदान व्हायचं होतं. त्या वॉर्डात नेहमीप्रमाणे विद्यार्थी पेशंट तपासायला गेले आणि पंधराहून अधिक विद्यार्थ्यांना सार्स झाला. एक पेशंट, एक वॉर्ड, काही दिवस. हे ज्याने वाचलंय तो २०२० च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांना आत ठेवा म्हणणार नाही. तेव्हा पीपीई किट डॉक्टरांनाच पुरत नव्हती.

पण दुसरीही बाजू आहे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचा पक्षाघात झालेले ३१ रुग्ण आले, त्यातले २७ गेले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात छिद्र करून हाताने पिशवी दाबत श्वास देण्याची कल्पना काढली. पुरेशी यंत्रं नव्हती, म्हणून विद्यार्थी बोलावले. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय मिळून सुमारे १५०० जणांनी महिनोन् महिने पाळ्या करून पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आजच्या आयसीयूचा पाया तिथे पडला असं आम्ही शिकवतो. शिकवताना आम्ही हे मात्र सांगत नाही की त्या पोरांपैकी कित्येकांच्या हाताखाली लहान मूल होतं, आणि ते मूल रात्रीतून गेलं तर सकाळी पोरगं हॉस्टेलवर जाऊन काय करत होतं.

तेव्हा विद्यार्थ्यांना आत घ्यावं की बाहेर ठेवावं, याला एकच उत्तर नाही. मार्चमध्ये बाहेर काढणं योग्यच होतं. चुकलं ते पुढे. परत कधी आणायचं, कोणत्या कामाला आणायचं, राहिलेलं कधी भरून काढायचं, याचा कुणी विचारच केला नाही. आम्हा शिक्षकांचंही सांगतो. जो शिकवणार तोच पीपीईमध्ये सहा-आठ तास उभा. गॉगलवर वाफ, आवाज मास्कमध्ये अडकलेला. बाहेर आल्यावर अंगात शिकवायचं त्राण नसायचं. रुग्णालय बुडायला लागलं की सगळ्यात आधी शिकवणं पाण्यात टाकलं जातं, हे मी दुसऱ्या साथींतही पाहिलंय.

जागरण

@खवचट_खडू, तुलना करायचीच नाहीये. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या दुःखाशेजारी हे ठेवायचंच नाही. पण आज तो इंटर्न ज्या पेशंटच्या पोटावर हात ठेवतोय तो पेशंट तुम्ही-आम्हीच आहोत. रडगाणं म्हणून सोडून दिलं तर नुकसान त्या पेशंटचं.

@आरामखुर्ची सर, "परत कधी आणायचं" हे अगदी नेमकं.

सुईदोरा

सर्जरीचं मी लिहितो, कारण आमच्याकडे तर शिकायला पेशंटच उरले नव्हते.

पहिल्या लाटेत तातडी नसलेल्या शस्त्रक्रिया जगभर थांबल्या. २०२० च्या मे महिन्यात एका आंतरराष्ट्रीय गटाने अंदाज काढला होता की सगळ्यात कठीण अशा १२ आठवड्यांत जगात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द किंवा लांबणीवर पडतील. आकडा पेशंटच्या हालांचा आहे, हे बरोबर. पण या यादीत कोण होतं बघा: हर्निया, पित्ताशयाचे खडे, थायरॉइडच्या गाठी, व्हेरिकोज व्हेन्स. विद्यार्थी सर्जरी शिकतो ती याच पेशंटवर. अपघाताचा पेशंट येतो तेव्हा विद्यार्थ्याला भिंतीला चिकटून उभं राहायला सांगतात. शिकवायला वेळ मिळतो तो शांतपणे खाटेवर बसलेल्या हर्नियाच्या आजोबांवर.

आणि हर्निया तपासायचा कसा? बोट ठेवून पेशंटला म्हणायचं, "खोका." बोटाला जो धक्का लागतो ती अख्खी तपासणी. मला सांगा, २०२० मध्ये पेशंटला तोंडावर 'खोका' म्हणायची कुणाची छाती होती? आमच्या युनिटमध्ये तर ती तपासणी 'समजून घ्या' अशी झाली. कित्येक महिने सगळे समजूनच घेत होते.

टाके आम्ही घरी फोमच्या तुकड्यावर घालायचो. गाठ पक्की यायला लागली, हात बसला, ते खोटं नाही. पण फोम रक्ताने निसरडा होत नाही आणि 'दुखतंय हो' म्हणत नाही.

रात्रपाळी

मी तेव्हा इंटर्न, सगळा वेळ कोविड वॉर्डात. माझा अनुभव धाग्याच्या बराच उलटा आहे, म्हणून लिहितोय.

आमची बॅच जेवढं काम शिकली तेवढं आधीची कुठलीच बॅच त्या वयात शिकली नसेल. दुहेरी ग्लोव्हज घालून शीर सापडत नाही, तरी सापडवायची. धमनीतून रक्त काढायचं, एबीजी (त्या रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट) वाचायचा, पेशंटला पालथं झोपवायचं, नळ्या-वायरी न निसटू देता. ऑक्सिजन किती लिटरवर काय साधनाने द्यायचा हे मला आजही डोळे मिटून सांगता येतं. जबाबदारी अंगावर पडली आणि शिकलो.

पण सगळं एकाच आजाराचं. हार्ट अटॅक, मेंदूचा झटका, मधुमेहाची कॉम्प्लिकेशन्स, साधा मलेरिया, काहीच दिसेना. असे पेशंट भीतीने घरीच राहत होते किंवा दुसरीकडे वळवले होते. त्यामुळे पुढे कितीतरी दिवस, कुणाला धाप लागली की माझं डोकं आधी एकाच दिशेला धावायचं. हृदयाकडे वळायला त्याला ढकलावं लागायचं.

आणि मृत्यू. रोज. शिकताना आम्ही मृत्यूचा दाखला भरायला शिकतो, बसून राहायला शिकत नाही. ड्यूटी संपली की आम्ही मित्र मित्र फालतू विनोद करायचो, खूप हसायचो. बाहेरच्याला निर्दय वाटलं असतं. तेवढ्यावरच दिवस निघाले. नंतर कुणीही, एकाही वरिष्ठाने, "कसे आहात?" म्हणून विचारलं नाही. टाळ्या मात्र वाजल्या.

फोनवरची

मी अंतिम वर्षाला होते. ३ मे २०२१ ला भारत सरकारने जाहीर केलं की अंतिम वर्षाच्या एमबीबीएसच्या मुलांना फोनवरचा सल्ला आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवणं, अशा कामांसाठी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली घेता येईल. मला फोन आला, नातेवाइकांना पेशंटची खबर द्यायचं काम.

पद्धत अशी: सकाळी वॉर्डातून तक्ता यायचा. नाव, ऑक्सिजन किती, सॅच्युरेशन किती, शेरा. त्यावरून घरच्यांना फोन. शेऱ्यात नेहमी तेच शब्द, 'गंभीर पण स्थिर'. तुम्ही हे चारदा म्हटलंत की समोरचा विचारतो, "मॅडम, स्थिर म्हणजे बरे होणार ना?" यावर काय बोलायचं हे तक्त्यात नसायचं. शिकवलेलंही नव्हतं. एक मुलगी रोज विचारायची की आईच्या केसांची वेणी कुणी घालतं का. मी ते सिस्टरला विचारून कळवायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की तिला सॅच्युरेशनपेक्षा वेणीच्या उत्तराने जास्त धीर येतो.

संवादकौशल्य नावाचं प्रकरण पुस्तकात आहे. मी ते फोनवर शिकले आणि चांगलं शिकले. आज वाईट बातमी सांगायची वेळ आली की युनिटमध्ये मला पुढे करतात. पण तेव्हा 'देखरेखीखाली' यातली देखरेख म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात तक्ते पडायचे. फोन ठेवल्यावर रडू आलं तर कुठे जायचं ते ग्रुपवर नव्हतं.

आईपण

डॉक्टर नाही मी, मुलगी आहे डॉक्टर. आत येऊन बोलू का?

ती दुसऱ्या वर्षाला असताना घरी आली. खोलीचं दार बंद, आत लेक्चर. जेवायला बाहेर यायची तेव्हा डोळे लाल. आम्हाला वाटायचं स्क्रीनमुळे. नातेवाईक, शेजारी, माझ्या ऑफिसमधली माणसं, सगळे तिलाच फोन करायचे. "सीटी स्कोअर इतका आलाय, अ‍ॅडमिट करू का?" "अमुक इंजेक्शन कुठे मिळेल?" ती म्हणायची, "आई, मी अजून फार्माकॉलॉजी शिकतेय गं." पण फोन घ्यायची. न घेऊन सांगते कुणाला?

मग तिचे बाबा आजारी पडले. घरीच ठेवलं होतं. ती दर दोन तासांनी ऑक्सिमीटर लावून वहीत आकडे लिहायची. आम्हाला त्या आकड्यांचा अर्थ कळत नव्हता, तिला कळत होता. घरात सगळ्यात जास्त घाबरलेली तीच होती आणि सगळ्यांना धीरही तिनेच द्यायचा होता. बाबा बरे झाले. तिने त्यानंतर कितीतरी दिवस पुस्तक उघडलं नाही आणि आम्ही तिला 'परीक्षा आलीय' म्हणून ओरडत होतो. आत्ता हा धागा वाचून त्याचा उलगडा होतोय.

मनमोकळं

@आईपण ताई, आत येऊन बोललात ते फार बरं झालं.

मी मानसोपचार करते, विद्यार्थी बरेच येतात. एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: महामारीआधी सगळं आलबेल नव्हतं. २०१६ मध्ये जगभरच्या जवळपास २०० अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती, ११.१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. आणि नैराश्याची लक्षणं असलेल्यांपैकी जेमतेम १५.७ टक्क्यांनी उपचार घेतले होते. म्हणजे मानसोपचार ज्यांना शिकवतो तेच तो घेत नाहीत. कोविड आला तो या जमिनीवर.

माझ्याकडे आलेल्या मुलांच्या बोलण्यात आजाराची भीती असायची, पण ती आपल्यापेक्षा घरच्यांसाठी जास्त: 'माझ्यामुळे आजीला झालं तर?' त्याहून जास्त बोलणं असायचं ते निरुपयोगी वाटण्याबद्दल. लोक टाळ्या वाजवतायत डॉक्टरांसाठी, आणि मी पायजम्यात बसून बायोकेमिस्ट्रीचा व्हिडिओ दुप्पट वेगाने बघतोय. मदत करावीशी वाटते, पण परवानगी नाही. फोन येतात, पण ज्ञान नाही. ज्यांना साधं काहीतरी ठरावीक काम मिळालं, फोन करणं, साहित्य मोजणं, संपर्कात आलेल्यांची यादी करणं, त्यांच्यातले पुष्कळ जण तुलनेने सावरलेले दिसायचे. अर्थात कामाला अंत नसेल आणि विचारणारं कुणी नसेल तर @रात्रपाळी आणि @फोनवरची म्हणतात तसं होतं.

दुसरं, तारखा. भारतात नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) १८ एप्रिल २०२१ ला व्हायची होती, ती ११ सप्टेंबरला झाली. वाचून पुन्हा वाचायचं, धार टिकवायची, आणि कधीपर्यंत ते कुणी सांगायचं नाही. माणूस मोठं संकट सहन करतो, पण सतत सरकणाऱ्या तारखेने चिडचिडा होतो, झोप जाते.

मुलं मदत का घेत नाहीत? कारण कॉलेजात समुपदेशक म्हणून बहुधा जे नेमतात तेच उद्या परीक्षक असतात. कुणाला सांगायचं? हे एवढं जरी वेगळं केलं ना, विद्यार्थ्यांचं ऐकणारा माणूस आणि मार्क देणारा माणूस, तरी दार बरंच उघडतं. हेल्पलाइनची पोस्टरं लावून नाही उघडत.

रुग्णपक्ष

सगळं वाचलं. सरळ विचारतो, राग मानू नका. मग या 'कोविड बॅच'च्या डॉक्टरकडे जायचं की नाही? आमच्या ओळखीत लोक उघड बोलतात की त्या वर्षांतला डॉक्टर नको.

हाडांची_पेटी

@रुग्णपक्ष, राग नाही, सवय झालीये. इंटरव्ह्यूलाही हसत हसत विचारतात, "ऑनलाइन डॉक्टर का?" म्हणूनच कुणी 'हे मला येत नाही' म्हणत नाही. म्हटलं की शिक्का पक्का.

आरामखुर्ची

@रुग्णपक्ष, जरूर जा. त्यानंतर ही मुलं वर्षानुवर्षं वॉर्डात राबली आहेत आणि बहुतेकांनी राहिलेलं बरंचसं भरून काढलंय. शिवाय महामारीआधीच्या बॅचला सगळं येत होतं या भ्रमात राहू नका. लॉगबुकातल्या खोट्या सह्या हा आमच्या काळापासूनचा उद्योग आहे.

मात्र परीक्षांचं एक बोलतो. अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी एक परीक्षा होती, तिच्यात रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसासमोर बसून आजाराचा इतिहास घ्यायचा, तपासायचं, समजावून सांगायचं. मार्च २०२० मध्ये ती थांबवली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद केली. ती खर्चीक होती, तिच्यावर टीकाही होती, ते सगळं खरं. पण साथीत बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा काही आठवड्यांत पुन्हा उभी राहिली आणि माणसासमोर बसायची परीक्षा गेली ती गेलीच. जे मोजायला सोपं तेच टिकलं. जे मोजलं जात नाही ते शिकवायचं राहिलं तरी निकालात दिसत नाही, आणि निकालात दिसत नाही म्हणून वरच्या कुणालाही त्यावर काही करावंसं वाटत नाही.

सुईदोरा

+१ सर.

खवचट_खडू

वाचत होतो. @रुग्णपक्षच्या प्रश्नाचं उत्तर पटलं. माझा एक मुद्दा तरीही राहतो. राहिलेलं भरून काढायचं म्हणजे पुन्हा पेशंटच्याच पोटावर ना? माझी आई दाखल होती तेव्हा एकामागून एक मुलं येऊन दाबून जायची, विचारायचं नाही, सांगायचं नाही. तिला विचारलं असतं तर ती आनंदाने हो म्हणाली असती. शिकायचा हक्क मान्य, पण तो फुकटात समजू नका.

जागरण

@खवचट_खडू, शंभर टक्के मान्य. आणि त्यामुळेच आमच्या युनिटमध्ये आता काय करतो ते लिहिते, कुणाला उपयोगी पडलं तर बघा.

राउंडआधी थोडा वेळ काढतो. एक पेशंट, एकच चिन्ह (तपासताना सापडणारी आजाराची खूण). आदल्या संध्याकाळी पेशंटला विचारून ठेवायचं: उद्या सकाळी दोन-तीन शिकाऊ डॉक्टर तुमचं पोट तपासतील, चालेल का? नाही म्हणाले तर विषय संपला, कारण विचारायचं नाही. थकलेल्या पेशंटला विचारायचंच नाही. हो म्हणाले तर जास्तीत जास्त तिघं, पडदा ओढून, हात आधी एकमेकांवर चोळून गरम करून. आणि जे सापडलं ते पेशंटलाही त्याच्या भाषेत सांगायचं.

यकृताचं उदाहरण. आधी ठोकून वरची हद्द काढायची, उजव्या बाजूला कॉलरबोनच्या मध्यातून खाली येत बरगड्यांमधल्या पाचव्या फटीपाशी आवाज बदलतो. इथे सगळे कोपरातून मारतात. मी मनगट धरते आणि कोपर दुसऱ्या हाताने दाबून ठेवते, म्हणजे झटका मनगटातूनच यायला लागतो. मग तळहात खालून, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करायचा, बरगडीजवळून नाही. वाढलेलं यकृत हुकतं ते इथेच, कारण हात आधीच त्याच्या अंगावर ठेवलेला असतो, कडेच्या खाली नसतो. पेशंटने श्वास घेतला की हात स्थिर ठेवायचा, कड स्वतः येऊन बोटाला भेटते. त्या इंटर्नला दुसऱ्याच श्वासाला लागली. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि केसशीटवर एक नवीन शेरा चालू केलाय: 'तपासलं, खात्री नाही'. तो लिहिणाऱ्याला कुणी बोलायचं नाही, उलट त्याच पेशंटवर आधी शिकवायचं. सुरुवातीला कुणीच लिहीना. मग मी स्वतः एका मर्मरसाठी (हृदयाच्या जादा आवाजासाठी) लिहिला आणि सरांना बोलावलं, तेव्हापासून दिसायला लागलाय.

हाडांची_पेटी

ताई, आमच्याकडे असा शेरा लिहिला तर दुसऱ्या दिवशी राउंडला सगळ्यांसमोर वाभाडे निघतील. वरचे तुमच्यासारखे नसतील तर खालच्याने सुरुवात कशी करायची?

आरामखुर्ची

सगळ्यांसमोर नको. राउंड संपल्यावर युनिटमधल्या त्यातल्या त्यात बऱ्या माणसाला एकट्याला गाठ. 'मला शिकवा' म्हणू नकोस, त्याला वेळ नसतो आणि ते फार मोठं वाटतं. 'सर, सात नंबरच्या पेशंटची स्प्लीन (प्लीहा) मला लागत नाहीये, एकदा माझा हात बघता का?' असं म्हण. नेमका पेशंट, नेमकं चिन्ह, दोन मिनिटं. इतक्या वर्षांत एवढ्याला नाही म्हणणारा मी क्वचितच पाहिला. आणि कुणीच नसेल तर वॉर्डातल्या जुन्या सिस्टरला विचार. स्प्लीन नाही, पण कुठला डॉक्टर शिकवतो हे त्यांना बरोबर माहीत असतं.

हाडांची_पेटी

उद्या सकाळीच बघते. सात नाही, अकरा नंबर आहे.